मेलिंग लिस्ट वाचायची कुठे आणि साठवायची कशी

आमची पक्षीनिरीक्षणाची एक छोटी मेलिंग लिस्ट आहे, म्हणजे एका पत्त्यावर मेल पाठवला की सगळ्या सदस्यांना जातो, साठ-पासष्ट माणसं असतील, नाशिक, निफाड, सिन्नर आणि इथून पुण्या-मुंबईला गेलेली काही. थंडी पडायला लागली की नांदूर मध्यमेश्वरहून मेल सुरू व्हायचे, चक्रवाक आले, करकोचे दिसले, पाणी किती उतरलंय, आणि सगळं तारखेसकट. नंतर २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं तेव्हा आम्हाला वाटलं आपल्याकडे तर कितीतरी वर्षांच्या नोंदी आहेत. त्या बघायला गेलो तर वेब आर्काइव्ह, म्हणजे सगळे जुने मेल ठेवलेली साइट, उघडेचना. ज्यांनी सर्व्हर लावून दिला होता ते परदेशात, डोमेन रिन्यू करायचं राहिलेलं, सर्व्हर कधीच बंद. मग एकेकाला फोन, कोणाकडे जुने मेल आहेत का, तर बहुतेकांनी जागा करायला उडवलेले. शेवटी इंदिरानगरच्या एका रिटायर्ड काकांच्या थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्राममध्ये जवळपास सगळं सापडलं. फक्त मधली दोन वर्षं काकांनी डायजेस्ट, म्हणजे बरेच मेल एकाच मेलमध्ये बांधून यायची सोय, लावलं होतं, त्यामुळे त्या दोन वर्षांतला मजकूर आहे पण फोटो एकही नाही, फोटोच्या जागी फक्त त्या बंद पडलेल्या सर्व्हरची लिंक.

तेव्हापासून कोणी विचारलं की लिस्ट कशी वाचू तर मी आधी एवढंच सांगतो, वाचणं आणि साठवणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवा. वाचनालयात आजचा पेपर वाचायचं टेबल वेगळं असतं आणि बांधून ठेवलेल्या जुन्या अंकांचं कपाट वेगळं. आपण मात्र इनबॉक्सलाच टेबल करतो, इनबॉक्सलाच कपाट करतो आणि मग दोन्हीकडे पसारा.

आणि दुसरी गोष्ट, लिस्ट जितकी मोठी तितकी ती साठवायची जबाबदारी तुमच्यावर कमी. लिनक्स कर्नल, पोस्टग्रेस, डेबियन असल्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या लिस्ट, यांचे आर्काइव्ह सांभाळायला संस्था आहेत, ठिकठिकाणी कॉप्या आहेत. पण साठ माणसांच्या लिस्टची कॉपी तुम्ही ठेवली नाही तर कोणीच ठेवत नाही. लोक नेमकं उलटं करतात, डेबियन-युझरचे हजारो मेल जपून ठेवतात आणि सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, शेतकरी गटाच्या लिस्टवरचे मेल उडवतात.

आता वाचायचं.

तुम्हाला लिस्टवर लिहायचंच नसेल, वर्षातून दोनदा एखादी एरर शोधायची असेल, तर सबस्क्राइबच करू नका. वेब आर्काइव्ह वाचा. मेलमन हे लिस्ट चालवायचं सॉफ्टवेअर, त्यातल्या मेलमन ३ वर चालणाऱ्या लिस्टला हायपरकिटी नावाचं आर्काइव्ह असतं त्यात शोधता येतं, जुन्या मेलमन २ च्या लिस्टला पायपरमेल, त्यात शोध नाही पण महिन्यावार यादी मिळते. कर्नलच्या लिस्ट लोर नावाच्या साइटवर आहेत आणि तिथे प्रत्येक लिस्टची फीडसुद्धा, म्हणजे नवीन मेलची आपोआप वाढणारी यादी, मिळते, ती फीड रीडरला लावली की मेलबॉक्सला हातही न लावता रोजचं वाचून होतं.

रोज वाचायचं असेल आणि मधूनमधून उत्तरही द्यायचं असेल तर मेलवरच घ्या, पण फिल्टर पहिल्या दिवशीच लावा, आठवड्याने लावू म्हणालात की झालं. पावसाळ्यात रामकुंडावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते बघून आपण पुराचा अंदाज घेतो ना, तसा न वाचलेल्या मेलचा आकडा एकदा कमरेच्या वर गेला की माणूस ते फोल्डर उघडायचंच सोडून देतो.

फिल्टर कशावर लावायचा हे महत्त्वाचं. विषयातल्या चौकटी कंसातल्या नावावर लावू नका, बऱ्याच लिस्ट ते नाव लावतच नाहीत आणि ज्या लावतात त्यांच्यावर कोणी विषय बदलताना ते खोडून टाकतं. पाठवणाऱ्यावर लावून उपयोग नाही कारण पाठवणारे शंभर. टू आणि सीसी मध्ये लिस्टचा पत्ता बघणारा फिल्टर बऱ्यापैकी चालतो पण कोणी बीसीसी मध्ये लिस्ट टाकली की चुकतो. खरा फिल्टर लिस्ट-आयडी या हेडरवर, हेडर म्हणजे मेलच्या डोक्यावरच्या, एरवी न दिसणाऱ्या माहितीच्या ओळी. हे हेडर २००१ मध्ये नेमकं याच कामासाठी प्रमाणित झालं आणि नीट चालणारी प्रत्येक लिस्ट ते लावते. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांत 'यासारखे मेल फिल्टर करा' असा पर्याय आहे, लिस्टच्या मेलवर तो दाबला की जीमेल स्वतःच लिस्ट-आयडी धरून फिल्टर बनवतं, मग त्यात लेबल लावा, इनबॉक्स टाळा आणि 'कधीही स्पॅममध्ये टाकू नका' यावर टिक करा, ही शेवटची टिक विसरू नका कारण लिस्टचे मेल स्पॅममध्ये जाण्याचं प्रमाण भरपूर आहे. थंडरबर्डमध्ये फिल्टरच्या यादीत लिस्ट-आयडी आधीपासून नसतो, कस्टमाइझ मध्ये जाऊन हेडरचं नाव टाइप करून घालावं लागतं, दोन मिनिटांचं काम.

जीमेलच्या दोन गोष्टी माहीत असू द्या. एक म्हणजे तुम्ही लिस्टवर पाठवलेला मेल परत तुमच्या इनबॉक्समध्ये येत नाही, सेंट मध्येच राहतो, कारण जीमेल तोच मेल दुसऱ्यांदा दाखवत नाही. नवीन माणूस घाबरतो की मेल गेलाच नाही आणि पुन्हा पाठवतो, मग परत पाठवतो. गेलेला असतो, वेब आर्काइव्हमध्ये बघून घ्या. दुसरी, एका संभाषणात शंभर मेल झाले की जीमेल तिथे तोडून नवीन संभाषण सुरू करतं, त्यामुळे मोठी चर्चा तुकड्यांत दिसते. मोठ्या चर्चा वाचणाऱ्याने खरंतर थंडरबर्ड किंवा मट हा टर्मिनलवरचा मेल प्रोग्राम वापरावा, तिथे कोणी कोणाला उत्तर दिलंय ते झाडासारखं दिसतं. थंडरबर्डमध्ये के दाबलं की तो अख्खा थ्रेड दुर्लक्षित होतो, त्यात पुढे येणारे मेलसुद्धा, आणि वाद पेटलेल्या आठवड्यात या एका बटणाने माझं डोकं शांत राहिलंय. उत्तर देताना 'रिप्लाय लिस्ट' वापरा, मटमध्ये मोठा एल, थंडरबर्डमध्ये कंट्रोल शिफ्ट एल.

डायजेस्टबद्दल मी थोडा जास्त बोलणार आहे कारण काकांची दोन वर्षं त्यातच गेली. डायजेस्ट म्हणजे दिवसभराचे मेल एकत्र बांधून एकच मेल. ऐकायला बरं वाटतं. पण त्याला उत्तर दिलं की विषयात डायजेस्टचा नंबर जातो, उत्तर मूळ मेलला न जोडता डायजेस्टला जोडलं जातं, थ्रेड तुटतो आणि लिस्टवरचे जुने लोक ओरडतात ते उगीच नाही. आणि मेलमनमध्ये डायजेस्टचे दोन प्रकार असतात, प्लेन आणि माइम. प्लेनमध्ये अटॅचमेंट काढून टाकतात आणि जागेवर फक्त लिंक ठेवतात, बहुतेक हेडरही जातात. माइममध्ये प्रत्येक मेल आतमध्ये आख्खा असतो, वेगळा काढता येतो. तेव्हा डायजेस्ट घ्यायचंच असेल, फक्त वाचायचं आहे आणि लिहायचं नाही अशा लिस्टसाठी, तर माइमच घ्या. गुगल ग्रुप्समध्ये डायजेस्ट घेतलं तर पंचवीसपर्यंत मेल एका मेलमध्ये येतात, अब्रिज्ड मध्ये तर नुसता सारांश, त्यामुळे जी लिस्ट साठवायची आहे तिला तिथे 'प्रत्येक मेल' हाच पर्याय ठेवा, यात तडजोड नको.

आणखी एक रस्ता आहे जो आजकाल फार कमी जण वापरतात आणि मला तो मनापासून आवडतो, न्यूज रीडरने लिस्ट वाचणं. न्यूजग्रुप म्हणजे मेलबॉक्समध्ये न येता सर्व्हरवरच राहणारी चर्चा, आणि न्यूज रीडर म्हणजे ती तिथे जाऊन वाचायचा प्रोग्राम. जीमेन नावाची सेवा २००२ पासून मेलिंग लिस्ट न्यूजग्रुपच्या रूपात देते, २०१६ मध्ये तिचं वेब पान बंद पडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं संपलं, पण न्यूज सर्व्हर वाचला आणि २०२० पासून नवीन डोमेनवर चालू आहे. लोरचाही स्वतःचा न्यूज सर्व्हर आहे. थंडरबर्डमध्ये न्यूजग्रुप खातं उघडायचं, सर्व्हरचं नाव टाकायचं, यादीतून हवी ती लिस्ट निवडायची. मेलबॉक्समध्ये एक मेल येत नाही, जुने मेलही तिथेच मिळतात, सुट्टीवर गेलात तर काही साचत नाही. ज्यांना दहा-पंधरा तांत्रिक लिस्टवर नजर ठेवायची असते त्यांच्यासाठी याहून सोपं काही नाही. लिहायचं असेल तर लिस्टवर सबस्क्राइब करून मेलमनच्या सेटिंगमध्ये मेल डिलिव्हरी बंद करून ठेवा, म्हणजे सदस्य असल्यामुळे तुमचं पोस्ट मॉडरेटरकडे अडकत नाही आणि मेलही येत नाहीत. हीच युक्ती दोन पत्ते असणाऱ्यांना कामाला येते, दोन्ही पत्ते सदस्य करा, डिलिव्हरी एकालाच.

पत्त्यावरून आठवलं. ऑफिसच्या आयडीवर कुठलीही लिस्ट घेऊ नका. मी आधीच्या नोकरीत सात वर्षं पोस्टग्रेसची लिस्ट ऑफिसच्या आयडीवर वाचली, खुणा करून ठेवलेले मेल, स्वतःची उत्तरं, लोकांनी खाजगीत पाठवलेली उत्तरं, आणि नोकरी सोडली त्या संध्याकाळी खातं बंद. लिस्टवरचं परत मिळालं, खाजगी उत्तरं आणि खुणा कायमच्या गेल्या. स्वतःचा पत्ता घ्या, जमलं तर लिस्टसाठी वेगळाच.

वेगळा का, तर जागेसाठी. जीमेलचे फुकटचे १५ जीबी फोटो, ड्राइव्ह आणि मेल सगळ्यांत मिळून आहेत, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातूनच जातो. लग्नसराईत व्हिडिओ येऊन बॅकअप फुगला की खातं भरतं, लिस्टचे मेल परत जायला लागतात, आणि ठरावीक वेळा मेल परत गेले की मेलमन तुमची डिलिव्हरी आपोआप थांबवतं. तुम्हाला वाटतं लिस्ट थंडावली आहे.

आता साठवायचं, आणि इथे घाई करू नका.

मेल साठवायचे दोन जुने आणि टिकाऊ प्रकार आहेत, एमबॉक्स आणि मेलडिर. एमबॉक्स म्हणजे सगळे मेल एकाखाली एक लिहिलेली एकच लांबलचक फाइल. प्रत्येक मेल फ्रॉम या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीने वेगळा होतो, आणि मजकुरातच एखादी ओळ त्या शब्दाने सुरू झाली तर तिच्या सुरुवातीला बाणाचं चिन्ह लावतात, जुन्या मेलमध्ये हा आगंतुक बाण दिसला तर तो तिथून आलेला. एमबॉक्स कुठेही उघडतं, पाठवायला सोपं, पण चालू वापरातली एमबॉक्स फाइल क्लाउड सिंकच्या फोल्डरमध्ये कधीच ठेवू नका, अर्धी लिहिलेली असताना सिंक झाली की शेकडो मेल एकमेकांत मिसळतात. मेलडिर मध्ये प्रत्येक मेलची वेगळी फाइल. एक बिघडली तर एकच जाते, आणि बॅकअप घेताना फक्त नवीन फाइली जातात. त्याची अडचण अशी की फाइलच्या नावात कोलन असतं, म्हणजे ते विसर्गासारखं दिसणारं दोन टिंबांचं चिन्ह, आणि ते विंडोजला आणि पेन ड्राइव्हला चालत नाही, कॉपी मधेच अडकते. म्हणून आधी टार या टूलने सगळं बांधून एकच फाइल बनवायची आणि मग पेन ड्राइव्हवर न्यायची. माझं म्हणाल तर रोजच्या वापराला मेलडिर, दर वर्षी बंद करून ठेवायच्या कॉपीला एमबॉक्स, वर्षाला एक फाइल.

जीमेलमधून काढायचं असेल तर गुगल टेकआउट मध्ये जाऊन फक्त मेल निवडा, त्यातही फक्त त्या लिस्टचं लेबल निवडा, एमबॉक्स मिळते. थंडरबर्डमध्ये घ्यायला इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी हे ॲड-ऑन लागतं. लेबल आधीपासून लावलेलं असलं तर हे दहा मिनिटांचं काम, नसलं तर आधी शोधपट्टीत लिस्ट कोलन आणि लिस्टचा पत्ता टाकून सगळे गोळा करून लेबल लावा. आणि हो, तुमची स्वतःची उत्तरं, जी सेंट मध्येच बसली आहेत, त्यांना हाताने लेबल लावा, नाहीतर आर्काइव्हमध्ये सगळ्यांचं बोलणं राहतं आणि तुमचं गायब. थंडरबर्डवाल्यांनी खात्याच्या सेटिंगमध्ये 'उत्तर मूळ मेलच्या फोल्डरमध्ये ठेवा' हे चालू करावं.

जी लिस्ट तुम्ही सदस्य होण्याआधीपासून आहे तिचे जुने मेल आर्काइव्हमधून उतरवता येतात. हायपरकिटी महिन्यावार एमबॉक्स देतं. पायपरमेलच्या महिन्यावार फाइली एमबॉक्ससारख्या दिसतात पण त्यात मेल पत्ते बदललेले असतात आणि अटॅचमेंट नसतात, फक्त लिंक असतात, तेव्हा सर्व्हर जिवंत आहे तोवर त्या लिंकवरच्या फाइलीही उतरवून घ्या, हे आम्ही केलं असतं तर फोटो वाचले असते. लोरवरच्या लिस्ट तर गिट या प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच साठवलेल्या आहेत, गिट क्लोन केलं, म्हणजे कॉपी उतरवली, की आख्खं आर्काइव्ह तुमच्याकडे, रोज फेच केलं की नवीन मेल. याच्यामागचं पब्लिक-इनबॉक्स हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, हौस असेल तर आपल्या लिस्टलाही लावता येतं.

मोठी कंपनी चालवतेय म्हणजे राहील हे धरून चालू नका. याहू ग्रुप्सवरचा जुना मजकूर डिसेंबर २०१९ पासून काढला गेला, डेटा मागून घ्यायची मुदत ३१ जानेवारी २०२० पर्यंत होती, आणि डिसेंबर २०२० मध्ये सगळी सेवाच बंद झाली. तिथे आपल्याकडचे कितीतरी छोटे ग्रुप होते.

आता खास मराठी मेलसाठी, कारण हे इंग्रजी गाइडमध्ये सापडत नाही आणि मी यात बरेच दिवस घालवलेत. काकांच्या एमबॉक्समध्ये मी ग्रेप या मजकूर शोधायच्या टूलने 'नांदूर' शोधलं, शून्य निकाल. मेल तर डोळ्यांसमोर. कारण असं की देवनागरी मजकूर मेलमध्ये बहुतेक वेळा सरळ लिहिलेला नसतो, बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल करून, म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत बदलून, पाठवतात, विषयसुद्धा. कोटेड-प्रिंटेबलमध्ये आपल्या एका अक्षरचिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटला तीन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला नऊ. त्यामुळे साधं टेक्स्ट शोधणारं कुठलंही टूल अशा मराठी मेलवर आंधळं. मेल उलगडून शोधणारं टूल लागतं. थंडरबर्ड ते करतं, आणि टर्मिनल वापरणाऱ्यांसाठी नॉटमच किंवा म्यू. नॉटमचला एमबॉक्स चालत नाही, मेलडिर लागतं, एवढं लक्षात ठेवा.

तरीही एक गंमत उरते. आपण प्रत्यय शब्दाला चिकटवून लिहितो. 'नांदूरला', 'नांदूरच्या', 'नांदूरहून', आणि जीमेल शब्द पूर्ण जुळवून शोधतं, त्यामुळे नुसतं 'नांदूर' टाकलं तर हे बाकीचे निसटतात. थंडरबर्डचा क्विक फिल्टर शब्दाचा तुकडाही पकडतो, नॉटमचमध्ये शब्दाच्या शेवटी तारांकन लावायचं. आणि 'शेतकऱ्यांना' मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, एक नुक्तावाल्या ऱ ने आणि एक साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला अगदी सारखं, शोधताना मात्र दोन वेगळे शब्द. तसंच ॲ चं, स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८ ला आला, त्याआधीच्या मेलमध्ये अ वर चंद्र लावलेला असतो. म्हणून 'पाहणाऱ्या', 'ॲप' असलं काही शोधताना दोन्ही रूपं टाकून बघा. आणि युनिकोडच्या आधीचे शिवाजी, श्रीलिपी असल्या फॉन्टमधले मेल असतील, जे आता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतात, ते उडवू नका. मूळ तसंच ठेवा, कन्व्हर्टरने युनिकोड केलेली कॉपी शेजारी ठेवा.

मूळ तसंच ठेवा हे सगळ्याच मेलला लागू आहे. मेलची पीडीएफ काढून ठेवणं किंवा स्वतःला फॉरवर्ड करणं म्हणजे साठवणं नाही, त्यात मेसेज-आयडी आणि रेफरन्सेस ही हेडर जातात आणि कोणता मेल कोणाला उत्तर होता हे पुन्हा कधीच जुळवता येत नाही. अजून एक, एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्कचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने आलेले खोटे मेल अडवायचा, नियम कडक केल्यावर बऱ्याच लिस्टनी पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचाच पत्ता टाकायला सुरुवात केली. त्यामुळे अशा लिस्टवर पाठवणाऱ्याच्या पत्त्याने शोधलं की २०१४ नंतरचे मेल सापडत नाहीत. तिथे नावाने शोधा, किंवा रिप्लाय-टू बघा.

कॉप्या किती, तर तीन, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. भांडी बाजार, सराफ बाजारात गोदेचं पाणी शिरतं तेव्हा तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याच्याच शेजारच्या कपाटातली हार्ड डिस्क दोन्ही एकदमच जातात. कॉपी घेतली की उघडूनही बघा, वेगळ्या मशीनवर, मेल मोजा, एक जुना मराठी मेल शोधा, एक फोटो उघडा. हे केलं नाही तर कॉपी आहे असं म्हणू नका.

फक्त सदस्यांपुरत्या असलेल्या लिस्टचे मेल स्वतःकडे ठेवायला हरकत नाही पण सगळ्यांना विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकू नका. लोकांनी साठ ओळखीच्या माणसांसमोर लिहिलेलं असतं, त्यात फोन नंबर असतात, कोणाच्या आजारपणाचं असतं. दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची जागासुद्धा असते.

आमची लिस्ट आता दुसऱ्या सर्व्हरवर आहे, डोमेनचं रिन्यूअल तिघांच्या कॅलेंडरमध्ये आहे. दर जानेवारीत पाणपक्षी गणना झाली की मी वर्षाची एमबॉक्स बंद करतो, एक कॉपी माझ्याकडे, एक सिन्नरच्या मित्राकडे, एक काकांकडे. काका पेन ड्राइव्ह घेतात, माझ्यासमोरच लावतात आणि नांदूर शोधून बघतात. त्या दोन वर्षांतले फोटो ज्यांनी काढले होते त्यांना आम्ही अजून फोन करतोय, आतापर्यंत एकाच्या जुन्या सीडीवर थोडे मिळालेत.